खंडेनवमीला उचललेला टाक

"पुढं सांगा की आक्का. ती गुंजीला उतरली. मग?"

जाऊ बोलेना. कपाळावरची ओली पट्टी ठेवल्या ठेवल्या वाळत होती. ओठांना भेगा पडल्या होत्या आणि छातीतून तेल नसलेल्या रहाटासारखा आवाज येत होता. दुपारची वेळ होती, खंडेनवमीचा दिवस. सकाळीच मागाची पूजा झाली होती. मागापुढच्या पाटावर धोटा, कुंचा, कात्री, रहाटाची चाती असं सगळं धुऊन मांडलं होतं, हळदकुंकू वाहिलं होतं, आणि त्यांच्याच रांगेत शेवटी माझा लिहायचा टाक होता. आमच्यात पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्याला उचलतात, त्याआधी हात लावत नाहीत. दसरा दुसऱ्या दिवशी होता आणि जाऊ तोवर टिकेल असं मला वाटत नव्हतं.

तिच्याबरोबर माझी कादंबरीही जाणार होती. तिचा शेवटाकडचा भाग कागदावर कुठंच उरला नव्हता. होता तो त्या तापलेल्या डोक्यात.

"आक्का, गुंजीला उतरल्यावर काय केलं तिनं?"

"लिवतीस का?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"व्हय, लिवते."

"खोटं बोलू नगंस. टाकाचा आवाज न्हाय."

तेव्हा मी पाटाकडं बघितलं.

ही मानमोडीच्या तापाच्या साथीची गोष्ट आहे. पण विणकराच्या घरातल्या चौथी शिकलेल्या बाईला कादंबरी कशाला पाहिजे होती, ते आधी सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझं माहेर निपाणीचं. वडील मूळचे विणकर, पण माग मोडला आणि ते तंबाखूच्या वखारीत कामाला लागले. बाजारातून तंबाखूच्या पुड्या यायच्या त्या रद्दीच्या कागदात बांधलेल्या. त्यात कधी कधी कादंबऱ्यांची पानं असायची. तंबाखू डब्यात ओतली की मी कागद उलगडून वाचत बसायची. पानाच्या सुरुवातीला कोणीतरी रडत असायचं आणि पानाच्या शेवटी दारावर थाप पडायची. दारात कोण होतं ते मला कधीच कळलं नाही. दुसऱ्या पुडीला दुसऱ्याच पुस्तकाचं पान. अशी शेपन्नास माणसं माझ्या डोक्यात अर्धवट उभी होती. कुणाचं लग्न लागलं नाही, कुणी मेलं नाही, कुणी घरी पोचलं नाही. चौथीत असतानाच मी ठरवलं की एक तरी कादंबरी मला आरंभापासून शेवटापर्यंत पाहिजे, आणि ती विकत मिळत नसेल तर आपण लिहायची. त्याला काय लागतं ते माहीत नव्हतं म्हणून ठरवता आलं.

मग लग्न होऊन मी शहापुरात आले. शहापूर तेव्हा संस्थानात. रस्ता ओलांडला की बेळगाव, इंग्रजांचं. आमच्या गल्लीत घरटी माग होता. आमच्या घरात सासू, नवरा, थोरली जाऊ आणि मी. दीर प्लेगात गेला होता, म्हणून जाऊ पांढऱ्या कपाळानं घरात वावरायची आणि सगळ्यांत जास्त हसायची. नवरा विणायचा. आम्ही दोघींनी सुताच्या कांड्या भरायच्या, ताण्याच्या उभ्या सुताला खळ लावायची, सुटलेले धागे सांधायचे.

पहिल्या खंडेनवमीला सगळी हत्यारं पाटावर मांडताना मी माहेरून आणलेला टाक त्यांच्याशेजारी ठेवला.

"हे काय गं?" नवऱ्यानं विचारलं.

"माझं हत्यार."

"ह्यानं काय इणणार?"

"कादंबरी."

त्याला एवढं हसू आलं की हातातला नारळ खाली ठेवावा लागला. सासू हसली नाही. ती रीतीभातीला फार घट्ट. म्हणाली, "मांडू दे. पण आता मांडलास तर त्याचं काम झालं पायजे. पूजा खाऊन बसून ऱ्हाणारं हत्यार घरात नगं."

तिथून माझे वर्षाचे संकल्प सुरू झाले. गावातले लोक पाडव्याला ठरवतात, मी खंडेनवमीला ठरवायची, टाकाला गंध लावताना. पहिल्या वर्षी ठरवलं, पुढच्या खंडेनवमीच्या आत आख्खी कादंबरी. त्या वर्षी मूल झालं आणि थोड्या दिवसांत गेलं. वर्षभरात दोन पानं झाली, तीही खोडलेली. दुसऱ्या वर्षी ठरवलं, अर्धी. पाव झाली नाही. तिसऱ्या वर्षी गंध लावताना मी जावेच्या कानात पुटपुटले, "यंदा निदान नायिकेला घराबाहेर काढते."

"मागच्या साली बी उंबऱ्यातच हुती ती," जाऊ म्हणाली. "पाय सुजलं असतील बिचारीचं."

तेव्हा मी माप बदललं. वर्षाचा संकल्प वर्षानं मोजायचा नाही, लुगड्यानं मोजायचा. मागावरून एक लुगडं उतरलं की एक पान झालंच पाहिजे. नवरा उतरलेली लुगडी घेऊन व्यापाऱ्याकडं पेठेत जायचा, तेवढा वेळ घरात माग बंद. सासू दुपारी लवंडायची. जाऊ रहाटावर कांड्या भरायची आणि मी तिच्यासमोर बसून लिहायची. पान झालं की तिला वाचून दाखवायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण ऐकण्यात ती सासूपेक्षा कडक. हे माप बरं निघालं. नवरा लुगडं उतरवताना ओरडायचा, "झालं गं माझं! तुझं?" कधी त्याचं आधी व्हायचं, कधी माझं. एकदा माझं आधी झालं तर त्याला राग आला आणि तो जेवायला उशिरा उठला.

कादंबरीत एक विणकराची बायको होती. तिचा नवरा परागंदा झालेला. सासरी तिला कोणी विचारत नाही, तेव्हा ती एक दिवस निघते, बेळगावला गाडीत बसते आणि गुंजीला उतरते. गुंजीलाच का, तर गुंजीचं स्टेशन मी एका लग्नाला जाताना बघितलं होतं आणि दुसरं कुठलं बघितलं नव्हतं. तिथं ती रुळावर निजते आणि मरते असा शेवट मी धरला होता. पुड्यांच्या कागदांवर ज्या बाया भेटल्या होत्या त्या सगळ्या मरायच्या वाटेलाच होत्या. कादंबरीत असंच असतं असं मला वाटायचं.

जावेला तो शेवट चालेना.

"का मारतीस गं तिला?"

"तिला कोण न्हाय म्हणून."

"मला बी कोण न्हाय. मी मेले का?" ती रहाट थांबवून म्हणाली. "आणि तिकीट काढून मरायला गुंजीला गेली व्हय ती? मरायचंच तर हिरीत बी मरता येतंय. फुकट."

मी चिडले. कादंबरी माझी होती. पण शेवटाचं पान काही मला लिहिता आलं नाही. त्या पानाशी येऊन मी अडले.

आता कागदांचं काय झालं ते. कागद मी विकत आणत नव्हते. गिरणीचं सूत यायचं त्या गठ्ठ्यांना जाड कागद गुंडाळलेला असायचा, तो मी सारखा कापून घ्यायची. त्यावर शाई फुटायची. अक्षर लिहिलं की त्याला मिशा फुटायच्या. मी आणि जावेनं विचार केला. सूत कच्चं असतं, मागावर तुटतं, म्हणून आपण ताण्याला खळ लावतो. भल्या सकाळी गल्लीत ताणा पसरायचा, तांदळाच्या पेजेची खळ कुंच्यानं त्यावर फिरवायची, वाळवायचा. त्याला आम्ही पाजणी म्हणतो. खळीनं सूत पक्कं होतं तर कागद का होणार नाही? पाजणी झाल्यावर भांड्याच्या तळाशी खळ उरायची, ती आम्ही कागदांना फासली. लिहिलेल्या पानांनाही वरून हलक्या हातानं लावली, टिकावीत म्हणून.

"आता मागावर चढवू काय ही?" नवरा म्हणाला.

काय कागद झाले ते! कडक, गुळगुळीत, वाजणारे. शाई जागच्या जागी राहायची. मी ती पानं फडक्यात बांधून माळ्यावरच्या पेटीत ठेवली आणि दर लुगड्याला एक पान त्यावर ठेवत गेले. झाकण उघडायचं, पान सरकवायचं, झाकण लावायचं. खालची पानं उचलून बघायचं काही कारण नव्हतं.

साथीच्या त्या वर्षी गणपती गेल्यावर मी पेटी खाली काढली. खंडेनवमी जवळ आली होती आणि यंदाचा संकल्प शेवटाचा होता, म्हणून आधीचं सगळं एकदा वाचून काढावं म्हटलं. फडकं सोडलं तर आतून भुसा सांडला. कसर, झुरळं, मुंग्या, सगळ्यांनी मिळून खाल्लं होतं. वरची चार पानं चाळणीसारखी आणि खाली नुसता काठ उरलेला, लुगड्याचं अंग जळून काठ राहावा तसा. काठावर शब्दांची टोकं होती. एका टोकाला "गेली" एवढं वाचता येत होतं.

नवरा खाली बसला, भुसा बोटांनी चिवडला आणि म्हणाला, "खळ म्हंजे पेज की गं. खाणारच. खळ लावलेला ताणा आपण कवा ठेवतो का? आज पाजणी, उद्या मागावर."

तेच होतं. जन्मभर खळीत हात असलेली आम्ही माणसं, पण खळ लावून वर्षभर ठेवलेली वस्तू आमच्यात कोणी बघितलीच नव्हती. दुसऱ्या कुणाच्या घरात असले कागद टिकले असते, कारण त्यांना खळ लावायचं सुचलंच नसतं.

मी रडले नाही. टाक घेऊन चुलीकडं गेले. जावेनं मनगट धरलं.

"काय करतीस?"

"जाळते. पूजा खाऊन बसणारं हत्यार नगं घरात."

"मला येतंय की सगळं."

"काय येतंय?"

"तुझी कादंबरी. कांड्या भरताना हात गुततात, कान रिकामंच असतात." आणि तिनं रहाटाशी बसून पहिल्या पानापासून सुरुवात केली. माझीच वाक्यं. मी विसरलेलीसुद्धा.

मग आम्ही उलटं काम सुरू केलं. ती सांगायची, मी लिहायची. खळ न लावलेल्या कागदावर, मिशा फुटलेल्या अक्षरात. लुगड्याचं माप सोडून दिलं, आता रोज जमतील तेवढी पानं. मध्येच भांडणं व्हायची. नायिका घरातून निघाली तिथं जाऊ म्हणाली, "भाकरी बांधून घेतली."

"मी तसं लिहिलं नव्हतं."

"मग उपाशी निघाली व्हय? शहाणी बाय हाय ती."

भाकरी ठेवावी लागली. ती अडली की पुढचं सांगायची नाही.

बेळगावात मानमोडी आल्याची बातमी होती. स्टेशनाकडून आली म्हणत. आमच्या गल्लीत बातमीची गरज नव्हती. सकाळी अंथरुणातच कळायचं. रोज सगळ्या घरांतून मागाचा आवाज यायचा, तो एकेका घरातून बंद पडत गेला. टोकाच्या घराचा बंद झाला, मग समोरचा, मग शेजारचा. आवाज बंद झाला म्हणजे विणणारा पडला. पुन्हा सुरू झाला नाही म्हणजे काय ते कोणी विचारत नव्हतं. तिरड्या न्यायला माणसं मिळेनात. सांबऱ्याकडून आमचा कोणी नातेवाईक येणार होता तो आला नाही, आणि का आला नाही ते कळायला पुढं बरेच दिवस गेले.

आमच्या घरात सगळ्यांत आधी जाऊ पडली, अष्टमीला. आम्ही गाडीपर्यंत आलो होतो. नायिका बेळगावला तिकीट काढून डब्यात बसली होती. संध्याकाळी ताप आला, सकाळी तिला उठता येईना. काढा दिला, शेक दिला. दवाखान्यात न्यावं तर तिथं दारातच माणसं पडलेली. नवऱ्यानं एकट्यानं मागाची पूजा केली. त्यालाही खोकला लागला होता, पण तो सूत घशात गेल्याचा खोकला असं आम्ही म्हणत होतो. विणकराला खोकला असतोच.

तर मी पाटाकडं बघितलं तिथवर आले होते.

मी उठले आणि टाक उचलला. त्याच्यावरचं हळदकुंकू पदराला पुसलं.

"ठेव तो," सासू म्हणाली. मागावर बसून पाय सोडायला खड्डा असतो, त्याच्याशी ती बसली होती.

"आक्का सांगतायत. लिहायला पायजे."

"पूजेतलं हत्यार दसऱ्याआधी उचललं तर त्या घरातलं माणूस जातंय. ठेव म्हणते न्हवं!"

"आत्ती, एक चाललंयच."

"म्हणून दुसरं घालवतीस?"

नवरा उंबऱ्यावर बसून खोकत होता. खोकला थांबला तसं म्हणाला, "घेऊ दे आई. तिचा माग हाय तो."

सासूनं तोंड फिरवलं. मी जावेच्या उशाशी बसले, कागद पाटीवर ठेवला आणि टाक शाईत बुडवला. पहिलं अक्षर काढल्याबरोबर जाऊ बोलू लागली. तिला टाकाची कुरकुरच हवी होती.

ती बोलली ते सगळं मी लिहिलं. कादंबरी कुठली आणि ताप कुठला ते निवडायला वेळ नव्हता. नायिका गुंजीला उतरली. उतरल्यावर तिनं पाणी मागितलं. मी लिहिलं, आणि कापसाचा बोळा भिजवून जावेच्या ओठांवर पिळला. मग नायिका फलाटावर बसली. झाडी होती. तिला दीर दिसला.

"नवरा," मी म्हटलं. "तिचा नवरा परागंदा हाय."

"न्हाय गं. तुझा दीर. धोतार पिवळं झालंय त्याचं."

मी तेही लिहिलं. मग नायिकेनं पुन्हा पाणी मागितलं. त्या पानावर ती सहासात वेळा पाणी मागते आणि प्रत्येक वेळी कोणीतरी बाई तिला देते. ती बाई माझ्या मूळच्या कादंबरीत नव्हती.

"आणि रूळ?" मी विचारलं. "रुळाकडं जाते का ती?"

बराच वेळ नुसता श्वास. मला वाटलं संपलं. घरात माग बंद, गल्लीत माग बंद. खंडेनवमीला तसेही बंदच असतात, पण त्या दिवशीची शांतता पूजेची नव्हती.

"भाकरी हाय की तिच्याकडं," जाऊ म्हणाली. "भाकरी खाती."

"मग?"

"मग गाडी येती. बसती."

"कुठं जाते?"

"तिकडंच. म्होरं." तिनं हात हलवायचा प्रयत्न केला. "झाली. वाच आता."

मी वाचलं. अर्धं ऐकून तिला झोप लागली की शुद्ध गेली ते मला कळलं नाही. मी टाक धुतला आणि पाटावर होता तिथंच परत ठेवला. वर्षाचा संकल्प त्या वर्षाच्या खंडेनवमीला पुरा झाला. माझ्या आयुष्यात पुरा झालेला तेवढा एकच. मला काही वाटलं नाही. पट्टी वाळली होती ती मी पुन्हा भिजवली.

दसऱ्याला सोनं वाटायला कोणी बाहेर पडलं नाही. नवऱ्यानं धोटा उचलला, मागावर बसला आणि थोडं विणलं. आमच्या गल्लीत त्या दिवशी तेवढाच आवाज होता. मग तो मागावरच पुढं वाकला. सासूनं आणि मी ओढून त्याला खड्ड्यातून बाहेर काढलं. त्याचं अंग जावेपेक्षा जास्त भाजत होतं. दोन अंथरुणं शेजारी शेजारी घातली. एका हातानं इकडं पट्टी, दुसऱ्या हातानं तिकडं. सासू देवापुढं बसली ती उठेना. माझ्याशी ती एकच वाक्य बोलायची. "तुझ्या टाकानं चाललाय."

 तिला उत्तर मी नंतर दिलं. म्हटलं, "आत्ती, गल्लीत घरटी माणूस गेलं. त्यांच्यात कोण लिवत हुतं?" तिला ते पटलं नाही. ती मरेपर्यंत तिचं म्हणणं तेच होतं आणि माझं हेच.

त्याला शेवटची शुद्ध आली तेव्हा त्यानं विचारलं, "झालं का गं तुझं?"

"झालं."

"माझं अर्धं ऱ्हायलं," तो म्हणाला. मागावर लुगडं होतं त्याबद्दल तो बोलत होता.

जाऊ महिन्यानं भिंत धरून चालू लागली. केस सगळे गेले होते. मी तिला शेवटाची पानं वाचून दाखवली. ती म्हणाली, "असलं मी कवा सांगितलं? आणि त्यात माझा नवरा कशाला?" मी म्हटलं, "तुम्हीच घातलाय." तिनं तेवढं परत वाचायला लावलं. ऐकून म्हणाली, "असू दे मग." म्हणून तो असू दिला. पाण्याचं पानही तसंच ठेवलं. पुढं एकदा बेळगावातल्या एका छापणाऱ्याला कादंबरी दाखवली तर तो म्हणाला, शेवटी बाई पुरती भरकटलीय. मी कागद परत आणले. ते अजून आहेत. खळ लावलेली नाही.

मागावरचं अर्धं लुगडं जावेनं पुरं केलं. तोवर आमच्या घरात बाई मागावर बसली नव्हती. तिचा भाग कुठून सुरू होतो ते कापडावर दिसत होतं, तिथून वीण ढिली होती. सासूनं ते बघितलं आणि लुगड्याची घडी घातली.

मानमोडीच्या आधी आमच्या घरात चार माणसं होती आणि विणणारा एकच होता. तो गेला. सासू, जाऊ आणि मी, आम्ही तिघी वाचलो.